चंद्र, हेरिंग आणि ओटो पेटरसन

चंद्राच्या कलांचा माशांच्या वागण्यावर परिणाम होतो का, हा प्रश्न मासेमारीच्या धंद्याइतकाच जुना असावा. कोकणच्या किनाऱ्यावरील कोळी आजही तिथी मोजून समुद्राचा अंदाज बांधतो. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग हा त्याच्या रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. अमेरिकेतील तळ्यांवर बास मासा गळाला लावू पाहणारे हौशी लोकही चंद्राच्या वेळा सांगणारी कोष्टके खिशात बाळगतात. शास्त्रज्ञांनी मात्र अशा समजुतींकडे दीर्घकाळ लोकभ्रम म्हणूनच पाहिले. या प्रश्नाला प्रयोगशाळेची शिस्त लावून त्यासाठी आयुष्याचा उत्तरार्ध खर्च करणारे एक मोठे शास्त्रज्ञ स्वीडनमध्ये होऊन गेले. त्यांचे नाव ओटो पेटरसन.

पेटरसन यांचा जन्म १८४८ मध्ये स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोथेनबर्ग या बंदरात झाला. उप्साला विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १८८१ पासून स्टॉकहोमच्या नव्या उच्चशिक्षण संस्थेत ते हाच विषय शिकवू लागले. लार्स फ्रेडरिक निल्सन यांच्याबरोबर त्यांनी बेरिलियम या धातूवर केलेले काम महत्त्वाचे ठरले. या मूलद्रव्याला मेंडेलीव्हच्या आवर्त सारणीत नेमके कोठे बसवायचे, याबद्दल त्या काळी वाद होता. निल्सन आणि पेटरसन यांनी १८८४ मध्ये बेरिलियम क्लोराइडच्या वाफेची घनता मोजली आणि मेंडेलीव्हने दिलेली जागाच योग्य असल्याचे दाखवून दिले.

त्याच वर्षी स्वान्ते अर्हेनियस या तरुणाने उप्साला येथे सादर केलेल्या प्रबंधाला परीक्षकांनी जेमतेम श्रेणी दिली होती. त्या प्रबंधाचे मोल ओळखणाऱ्या मोजक्या लोकांत पेटरसन होते. अर्हेनियस पुढे स्टॉकहोमला आले आणि १९०३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पेटरसन स्वतः रसायनशास्त्राच्या नोबेल समितीचे आरंभीच्या काळातील सदस्य होते. प्रयोगशाळेत राहिले असते तरी त्यांची कारकीर्द मानाची ठरली असती. पण त्यांचे लक्ष समुद्राकडे वळले.

याला निमित्त झाले नॉर्डेनशेल्ड यांच्या ‘वेगा’ मोहिमेचे. १८७८ ते १८८० या काळात या जहाजाने आशियाच्या उत्तर किनाऱ्यावरून प्रवास करून पॅसिफिक महासागर गाठला. तेथून आलेल्या सागरी नोंदींचा अभ्यास पेटरसन यांच्याकडे सोपवण्यात आला. समुद्राचे पाणी वरपासून तळापर्यंत एकसारखे नसते. त्यात वेगवेगळ्या क्षारतेचे आणि तापमानाचे थर असतात आणि हे थर एकमेकांवरून सरकत राहतात. या गोष्टीने त्यांच्यातील रसायनशास्त्रज्ञाला भुरळ घातली.

त्याच सुमारास त्यांच्या जन्मभूमीच्या किनाऱ्यावर एक मोठी घटना घडली होती. गोथेनबर्गच्या उत्तरेकडील बोहुसलेन हा खडकाळ, नापीक प्रदेश. तेथील लोकांचे नशीब हेरिंग या माशावर अवलंबून असे. दिसायला आपल्या तारलीसारखा असलेला हा मासा प्रचंड थव्यांनी फिरतो. १७४७ ते १८०९ या काळात हेरिंगचे थवे हिवाळ्यात थेट बोहुसलेनच्या खाड्यांत शिरत होते. खारवण्याचे आणि तेल काढण्याचे कारखाने उभे राहिले, वस्त्या वाढल्या, दूरदूरची माणसे येथे पोटासाठी आली. मग मासा आला नाही. कारखाने ओस पडले आणि जवळपास ७० वर्षे किनाऱ्याने दारिद्र्य पाहिले. १८७७ च्या अखेरीस हेरिंग अचानक परतला आणि पुन्हा सुबत्तेचे दिवस आले. तो का गेला होता, का आला आणि किती वर्षे राहील, या प्रश्नांवर हजारो कुटुंबांची भाकरी अवलंबून होती. काहींना तो ईश्वरी कोप वाटला होता, तर ल्युंगमन या स्वीडिश संशोधकाने माशाच्या या येण्याजाण्याचा संबंध सूर्यावरील डागांच्या चक्राशी जोडला होता.

पेटरसन यांनी गुस्ताफ एकमन या सहकाऱ्याबरोबर या प्रश्नाला हात घातला. १८९० च्या हिवाळ्यात त्यांनी स्कागेराक आणि काटेगाट या समुद्रभागांत एकाच वेळी अनेक ठिकाणी जहाजे पाठवून निरनिराळ्या खोलींवरचे पाणी तपासले. बाल्टिक समुद्राचे निमखारे, हलके पाणी पृष्ठभागावरून बाहेर वाहते आणि उत्तर समुद्राचे खारे, जड पाणी त्याच्याखालून आत शिरते, हे चित्र त्यातून स्पष्ट झाले. हेरिंगचे थवे विशिष्ट क्षारतेच्या पाण्याबरोबर किनाऱ्याकडे येतात, असेही त्यांना आढळले. माशाचा माग काढायचा तर आधी पाण्याचा माग काढला पाहिजे, हे सूत्र त्यांच्या हाती लागले.

पाणी मात्र देशांच्या सीमा जाणत नाही. एकट्या स्वीडनने मोजमापे घेऊन भागणार नव्हते. पेटरसन यांनी शेजारी देशांतील शास्त्रज्ञांना पत्रे लिहिली, सरकारांची मने वळवली. १८९९ मध्ये स्टॉकहोम येथे आणि १९०१ मध्ये क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो येथे परिषदा झाल्या. त्यातून १९०२ मध्ये कोपनहेगन येथे समुद्राच्या संशोधनासाठी आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली. उत्तर युरोपातील आठ देश तिचे पहिले सभासद होते. पहिल्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९१५ ते १९२० या काळात, तिचे अध्यक्षपद पेटरसन यांनी सांभाळले. ही संस्था आजही कार्यरत असून, ईशान्य अटलांटिकमध्ये कोणता मासा किती पकडावा याबद्दलचा शास्त्रीय सल्ला तीच देते.

१९०२ मध्येच पेटरसन आणि एकमन यांनी बोहुसलेनमधील गुलमार फ्योर्ड या खोल खाडीत, बोर्नो बेटावर, एक संशोधन केंद्र उभारले. चंद्राचा धागा त्यांच्या हाती लागला तो येथे. खाडीतही पाण्याचे थर होते. वर हलके, खाली जड. या दोहोंच्या सीमेवर तरंगत राहील असा तराफा त्यांनी पाण्याखाली सोडला आणि त्याच्या हालचालींची सतत नोंद घेतली. वरचा पृष्ठभाग शांत असताना खालची ही सीमा मोठ्या प्रमाणावर वरखाली होत होती. कधीकधी हा चढउतार २० मीटरहून अधिक असे. पाण्याच्या आत, कोणाच्याही नजरेस न पडता, लाटा उठत होत्या. दोन थरांच्या घनतेत फार फरक नसल्याने थोडी ऊर्जाही अशी प्रचंड लाट उठवू शकते, हे त्यामागचे भौतिकशास्त्र आहे.

या नोंदी पाहताना पेटरसन यांना साधारण चौदा दिवसांची लय जाणवली. ही लय चंद्राची होती. स्वीडनच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक इतका अल्प असतो, की तेथे चंद्राचा समुद्रावर परिणाम होतो असे म्हणणेही धाडसाचे होते. पेटरसन यांचा तर्क असा, की जी भरती वर दिसत नाही ती खाली थरांच्या सीमेवर प्रकट होते. या अंतर्गत लाटांबरोबर खारे पाणी खाडीत घुसते आणि त्याबरोबर हेरिंगही येतो. किनाऱ्यावरील मच्छिमार चंद्राबद्दल जे बोलत आले होते, त्याला अशा रीतीने एक यांत्रिक कारण मिळाले.

येथेच ते थांबले नाहीत. १९०६ च्या सुमारास हेरिंगने बोहुसलेनकडे पुन्हा पाठ फिरवली होती. मग चंद्राचे बळ शतकानुशतके बदलत असेल का? चंद्राची कक्षा १८.६ वर्षांच्या चक्रात झुकते. कधी चंद्र पृथ्वीच्या अगदी जवळ असताना सूर्यही जवळ आणि एका रेषेत असतो. अशा वेळी भरतीचे बळ वाढते. असे योग कसे जुळतात याचे गणित मांडून पेटरसन यांनी १९१४ मध्ये ऐतिहासिक व प्रागैतिहासिक काळातील हवामान बदलांवर एक प्रबंध प्रसिद्ध केला. सुमारे १८०० वर्षांचे एक महाचक्र असून त्याचा अलीकडचा उच्चांक १५ व्या शतकाच्या पूर्वार्धात होता, असे त्यांचे म्हणणे होते. त्या शतकांत बाल्टिकच्या तोंडाशी हेरिंग मुबलक मिळे आणि हान्सा संघाच्या व्यापाऱ्यांनी त्यावर वैभव उभारले. उत्तर समुद्राच्या काठी विनाशकारी पूर आले आणि ग्रीनलंडमधील नॉर्स वसाहती नामशेष झाल्या. हे सारे पेटरसन यांनी एकाच सूत्रात ओवले.

समकालीनांना ही झेप फार मोठी वाटली. खाडीतील थर वाऱ्याने आणि हवेच्या दाबानेही हलतात, असा आक्षेप होता आणि तो योग्यच होता. स्कागेराकच्या किनाऱ्यावर थरांच्या सीमेतील बदलांमागे वाऱ्याचा वाटा मोठा असल्याचे पुढील संशोधनाने दाखवले. बोहुसलेनच्या हेरिंगकाळांचा संबंध आता उत्तर अटलांटिकवरील हवेच्या दाबातील दीर्घकालीन चढउतारांशी, म्हणजे पश्चिमी वारे मंदावणाऱ्या कडक हिवाळ्यांशी जोडला जातो. चंद्राला एकट्याला त्याचे श्रेय आज कोणी देत नाही.

तरीही पेटरसन यांची कल्पना पूर्णपणे बाद झाली नाही. रेचल कार्सन यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समुद्रावरील आपल्या गाजलेल्या पुस्तकात तिचा विस्ताराने परिचय करून दिला. वातावरणातील कार्बन डायऑक्साइडच्या मोजमापासाठी जगप्रसिद्ध असलेले चार्ल्स कीलिंग यांनी २००० मध्ये टिमोथी व्हॉर्फ यांच्यासह १८०० वर्षांच्या भरतीचक्राचा सिद्धांत नव्याने मांडला. वॉल्टर मंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये गणित करून त्याबद्दल गंभीर शंका उपस्थित केली. वाद सुरू राहिला. समुद्राच्या पोटातील अंतर्गत लाटा मात्र आता वादातीत आहेत. भरतीमुळे त्या जगभर निर्माण होतात आणि महासागराचे पाणी ढवळण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

माशांपुरते बोलायचे तर चंद्र निरनिराळ्या वाटांनी त्यांच्यापर्यंत पोहोचतो, असे आज मानले जाते. एक वाट प्रकाशाची. हेरिंग दिवसा खोल जातो आणि रात्री वर येतो. चांदण्या रात्री अनेक मासे खालीच राहणे पसंत करतात. दुसरी वाट प्रवाहांची. उधाणाचे जोरदार पाणी भक्ष्य ढकलत आणते आणि त्यामागे मोठे मासे येतात. तिसरी वाट शरीरातील घड्याळाची. कॅलिफोर्नियाच्या वाळूवर ग्रुनियन मासे पौर्णिमा आणि अमावास्येनंतरच्या रात्री उधाणाबरोबर अंडी घालण्यास येतात, हे त्याचे ठळक उदाहरण. तळ्यातील बास माशाला मात्र भरतीचा अनुभव जवळजवळ येतच नाही. त्याच्या बाबतीत चांदण्याचा काही परिणाम होत असला, तरी पाण्याचे तापमान, ढग आणि ऋतू यांपुढे तो वेगळा काढणे कठीण जाते. म्हणून कोष्टकांवर विसंबणाऱ्याची अनेकदा निराशा होते.

पेटरसन १९४१ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी निवर्तले. त्यांचे पुत्र हान्स पेटरसन हेही सागरशास्त्रज्ञ झाले आणि १९४७-४८ मध्ये ‘अल्बाट्रॉस’ जहाजावरील जागतिक मोहिमेचे नेतृत्व त्यांनी केले.

पेटरसन यांनी चंद्राच्या पदरात जेवढे टाकले तेवढे त्याचे नव्हते, हे काळाने ठरवले. पण मच्छिमारांची समजूत हसण्यावारी न नेता ती तपासण्याजोगी आहे असे मानून ते खाडीत उतरले. त्या शोधातून समुद्राच्या पोटातील लाटा हाती लागल्या. माशासाठी समुद्राचा अभ्यास देशोदेशींनी मिळून करावा, हा त्यांचा आग्रह तर त्यांच्या सिद्धांतापेक्षाही अधिक टिकला. बोहुसलेनच्या किनाऱ्यावर हेरिंग कधी यावा हे त्यांना सांगता आले नसेल. पण तो का येतो, हे समुद्राला विचारण्याची रीत त्यांनी घालून दिली.