रे. स्टीफन हिस्लॉप

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आपणां सर्वांस ऐकून माहीत आहे. परंतु हे हिस्लॉप कोण, हे मलाही परवापर्यंत ठाऊक नव्हते.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. मिशनच्या कामाकरिता ते सपत्नीक १८४५ साली नागपुरास आले. तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी शाळा चालविली आणि गोंड लोकांची भाषा व चालीरीती टिपून ठेवल्या. त्यांचा धर्मप्रचार सर्वांसच रुचला असे नाही. पण त्यांची ज्ञानाची आवड मात्र कोणीही वाखाणावी अशीच होती.

त्यांना दगडांचा फार नाद. आपल्या वऱ्हाडात विहीर खणताना मुरमाखाली जो काळा दगड लागतो, तो ज्वालामुखीच्या रसाचा. एक थर पसरून निवाला की त्यावर तळी साचत, गाळ बसे. मग पुन्हा नवा रस येई. पुरणपोळीत पुरण असावे तसा हा गाळ दोन थरांमध्ये राहिला. नागपूरजवळ टाकळी येथे हिस्लॉप व त्यांचे सहकारी हंटर यांना त्या गाळात गोगलगायींचे शंख आणि फळे-बिया दगड झालेल्या सापडल्या. १८५५ साली त्यांचा लेख लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. वरोऱ्याजवळील पिसदुऱ्याची प्रचंड जनावरांची हाडेही त्यांनी गोळा केली.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ नाल्याच्या पुरात ते बुडाले. सेहेचाळीस वर्षे पुरी व्हायला चारच दिवस उरले होते.

पुढे आजच्या तेलंगणातील नस्कल गावच्या तशाच गाळात प्रसाद व साहनी या शास्त्रज्ञांना इवलेसे दात मिळाले. माती धुऊन, चाळून, भिंगाखाली निवडून काढलेले! ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या, डायनोसोरच्या काळातील चिचुंद्रीएवढ्या सस्तन प्राण्याचे होते. त्या युगातील सस्तन प्राण्याचा भारतातील हा फार मोलाचा पुरावा. १९८८ साली त्याला नाव दिले डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी, म्हणजे हिस्लॉपचा दख्खनी लुटारू. डायनोसोर नामशेष झाले. पिलांना दूध पाजणाऱ्यांचा वंश मात्र टिकला. आपणही त्याच वंशातल्या.

आपल्या मोर्शी तालुक्यातील सालबर्डीला आपण महादेवाच्या दर्शनास जातो. तेथेही डायनोसोरचे अवशेष मिळाले आहेत.

माझ्या मुलाने एकदा शेतातून शंखाच्या आकाराचा दगड आणला होता. कचरा म्हणून मी तो उकिरड्यावर टाकला. तो रडला, तरी मी ऐकले नाही. आज वाईट वाटते. ज्वारी निवडताना खडा टाकायचा असतो हे खरे. पण मुलाच्या हातातला खडा टाकण्यापूर्वी एकदा उजेडात धरून पाहावा, एवढेच माझे मागणे.