पंडिता रमाबाई व धर्मशिक्षणाचा प्रश्न

शाळेंत धर्मशिक्षण असावें कीं नसावें, आणि असल्यास तें कोणत्या पंथाचें, हा वाद वेळोवेळीं उठतो व दर खेपेस जुन्याच शब्दांनीं विझतो. या वादांत उतरणाऱ्या गृहस्थांनीं पंडिता रमाबाईंचें चरित्र एकदां याच दृष्टीनें पाहावें, अशी आमची विनंती आहे.

बाईंचा जन्म 1858 सालचा. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदेस न जुमानतां पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या मातेनें मुलीस. दुष्काळांत आईबाप गेले. भावाबरोबर पायीं हिंडत त्या 1878 सालीं कलकत्त्यास पोंचल्या, व तेथें पंडिता आणि सरस्वती या पदव्या पावल्या. पुढें भाऊ गेला, विवाह झाला, दोन वर्षांच्या आंतच वैधव्य आलें. आणि तान्ही मनोरमा घेऊन त्या 1882 सालीं पुण्यास आल्या.

1883 सालीं इंग्लंडांतील वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. येथवरची हकीकत पुष्कळांस ठाऊक असते; तिच्या पुढचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाहीं. बाईंनीं ख्रिस्त स्वीकारला, बिशपांची हुकमत स्वीकारली नाहीं. त्रैक्याचें मत आपल्या बुद्धीस पटल्यावांचून तें उच्चारण्यास त्या राजी नव्हत्या. मनोरमेस धर्माचें काय पढवावें याविषयीं तर, ज्या भगिनींच्या आश्रयास त्या राहिल्या त्यांच्याशींच त्यांचा तंटा झाला. परमुलखांत, दुसऱ्याचें अन्न खात असतां असें बोलावयास धैर्य लागतें. आमच्याकडील किती पदवीधरांस तें साधेल, कोण जाणे!

1886 सालीं त्या अमेरिकेस गेल्या. पुढील वर्षीं बोस्टन येथें रमाबाई मंडळी स्थापन झाली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन, तर उपाध्यक्षांपैकीं फिलिप्स ब्रुक्स हे एपिस्कोपल. चर्चच्या व्यासपीठावर जे एकमेकांस चुकले म्हणत, ते येथें एका वहींत वर्गणी मांडूं लागले. करार दहा वर्षांचा, आणि अट अशी कीं विधवांच्या शाळेंत कोणत्याही पंथाचा धर्म शिकवावयाचा नाहीं.

ती शाळा म्हणजे शारदा सदन. 11 मार्च 1889 रोजीं तें मुंबईस उघडलें व पुढील वर्षीं पुण्यास आलें. मुलींस आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. बाई सकाळीं मनोरमेसह आपल्या खोलींत प्रार्थना करीत. दार उघडें असे. कांहीं मुली येऊन बसूं लागल्या, आणि पुण्यांत वणवा पेटला. 1893 सालीं रानडे, भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले व सुमारे 25 मुली काढून नेण्यांत आल्या.

या प्रकरणीं आमचें मत असें आहे. प्रार्थनेसाठीं दार लावून घेणें हें ढोंग झालें असतें, व तें बाईंनीं केलें नाहीं हें योग्यच. परंतु पालकांची तक्रारही पोकळ नव्हती. ज्या बालविधवेस घरीं कोणी मायेनें हांक मारीत नाहीं, ती आपल्या एकमेव मायाळू बाईंच्या प्रार्थनेस जाऊन बसली, तर तें सर्वस्वीं तिच्याच मर्जीचें असें कोणता पंच म्हणेल? पाटीवर एक माल व दुकानांत दुसरा, असा संशय गिऱ्हाइकास आला तर व्यापाऱ्यानें त्यावर रागावून चालत नाहीं. मात्र मुली नेणाऱ्यांपैकीं किती जणांनीं त्यांस पुढें शिकविलें, हेंही विचारलें पाहिजे. 1896 सालीं अनाथ बालिकाश्रमाचा पाया घालणारे धोंडो केशव कर्वे हे येथें अपवाद. त्यांच्या पत्नी आनंदीबाई याच शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकीं होत्या!

1896-97 च्या दुष्काळांत बाईंनीं मध्यप्रांतांतून निराश्रित मुली आणल्या व केडगांव येथें त्यांस ठेविलें. 1898 सालीं बोस्टनच्या कराराची मुदत सरली. केडगांवचें मुक्तिसदन उघडपणें ख्रिस्ती होतें. तेथें पाटी व माल एक झाला. परंतु बाईंनीं त्यास कोणत्याही एका पंथाचें नांव दिलें नाहीं. नाना पंथांचे लोक तेथें कामास आले, नाना देशांतून पैसा आला, आणि त्याबरोबर येणारी भांडणें बाईंनीं वेशीबाहेर ठेविलीं. मुलींच्या हातीं शिवण, माग, शेती व छापखानाही आला.

उतारवयांत त्यांनीं बायबलाचें भाषांतर हातीं घेतलें. प्रचलित मराठी प्रतींतील भाषा खेड्यांतील बायकांस कळत नसे. म्हणून हिब्रू व ग्रीक मुळांचा अभ्यास करून त्यांनीं तें सोप्या मराठींत उतरविलें. 1921 सालीं मनोरमा वारली. 5 एप्रिल 1922 रोजीं बाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 सालीं बाहेर पडला. त्याचे खिळे केडगांवच्या छापखान्यांत तेथील स्त्रियांनींच जुळविले होते.