नवाब अली यावर जंग : हैदराबादच्या बोलणीपासून मुंबईच्या राजभवनापर्यंत

११ डिसेंबर १९७६ रोजी महाराष्ट्राचे राज्यपाल नवाब अली यावर जंग यांचा पदावर असतानाच इंतकाल झाला. त्याआधी ते अर्जेंटिना, इजिप्त, युगोस्लाव्हिया, फ्रान्स आणि अमेरिका इथे भारताचे राजदूत होते. एवढा मोठा माणूस, पण आमच्या लिंबागणेशच्या मुलांना विचारलं तर नाव सांगता येत नाही. खरं तर त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण प्रसंग आपल्या बीड जिल्ह्याच्या नशिबाशी जोडलेला आहे.

हैदराबादच्या बिलग्रामी खानदानात त्यांचा जन्म झाला. आजोबा इमाद-उल-मुल्क सय्यद हुसैन बिलग्रामी यांचं रियासतीतल्या तालीमच्या कामात मोठं नाव. आई तय्यबा बेगम या त्या काळात पदवी मिळवलेल्या मोजक्या मुस्लिम महिलांपैकी एक. अली यावर जंग ऑक्सफर्डला शिकले, परत येऊन उस्मानिया विद्यापीठात इतिहास शिकवू लागले. पुढे निजाम सरकारात गेले, मंत्री झाले.

१९४७ साल आलं. इंग्रज निघून गेले आणि हैदराबादचं काय, हा प्रश्न उभा राहिला. बीड, औरंगाबाद, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे आपले पाचही जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते. छतारीचे नवाब, सर वॉल्टर मॉंक्टन, सर सुलतान अहमद आणि अली यावर जंग यांच्या शिष्टमंडळाने दिल्लीशी बोलणी करून ‘जैसे थे’ कराराचा मसुदा आणला. निजामाच्या मंत्रिमंडळाने तो बहुमताने मान्य केला. फक्त सही बाकी होती.

२७ ऑक्टोबरच्या पहाटे इत्तेहादुल मुस्लिमीनच्या हजारोंच्या जमावाने शिष्टमंडळातल्या मंडळींच्या घरांना वेढा घातला. त्यांना दिल्लीला जाऊच दिलं नाही. या चळवळीचा नेता कासिम रझवी, आपल्याच लातूरचा वकील. निजाम दबावाखाली आले, शिष्टमंडळाने राजीनामे दिले. नवे लोक दिल्लीला गेले आणि २९ नोव्हेंबरला जो करार घेऊन आले, तो जवळपास तोच होता! महिना गेला, कागद तोच राहिला. मात्र समजूतदार माणसं बाजूला पडली आणि घोषणा देणारे पुढे आले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली. त्यानंतर मराठवाड्यातल्या मुसलमान घरांनी काय सोसलं, ते आपल्या आजी-आजोबांनी सांगितलेलं आहे. घोषणा हैदराबादेत झाल्या, किंमत खेड्यांनी मोजली.

अली यावर जंग पाकिस्तानात गेले नाहीत, घरातही बसले नाहीत. १९४८ मध्ये ते पुन्हा उस्मानियाचे कुलगुरू झाले. उर्दू माध्यमाचं हे विद्यापीठ त्याच काळात इंग्रजीकडे वळलं. उर्दू शिकवणाऱ्या आम्हा लोकांना ही गोष्ट आजही बोचते. पण त्या पडझडीत विद्यापीठ चालू राहिलं, मुलं शिकत राहिली, हेही तितकंच खरं.

१९५२ पासून ते परदेशात गेले. आधी अर्जेंटिना, मग १९५४ मध्ये इजिप्त. २६ जुलै १९५६ ला राष्ट्राध्यक्ष नासर यांनी सुएझ कालवा इजिप्तच्या ताब्यात घेतला. ऑक्टोबरच्या शेवटी इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी इजिप्तवर हल्ला केला. भारत इजिप्तच्या बाजूने उभा राहिला, आणि त्या दिवसांत कैरोमध्ये भारताचे राजदूत अली यावर जंग होते. नेहरूंचं म्हणणं नासर यांच्यापर्यंत आणि नासर यांचं दिल्लीपर्यंत नीट पोचवणं, हे त्यांचं काम. हल्लेखोरांना माघार घ्यावी लागली. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

युगोस्लाव्हिया आणि फ्रान्सनंतर १९६५ मध्ये ते अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तिथे विद्यापीठातल्याच विद्यार्थ्यांसाठी राखीव असलेल्या जागा ७५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आल्या आणि असंतोष भडकला. २५ एप्रिलला जमावाने त्यांच्यावर हल्ला केला, ते गंभीर जखमी झाले. त्यानंतर केंद्र सरकारने वटहुकूम काढून विद्यापीठाच्या कोर्टाचे अधिकार कमी केले. शिक्षणमंत्री होते मुंबईचे एम. सी. छागला. आपली संस्था हातातून जातेय, ही कौमची भीती खोटी नव्हती. त्या निर्णयावर मतभेद तेव्हाही होते, आजही आहेत. पण कुलगुरूला मारून विद्यार्थ्यांचा प्रश्न सुटला नाही, उलट सरकारला हात घालायला निमित्त मिळालं. बरे झाल्यावर अली यावर जंग कामावर परतले आणि १९६८ पर्यंत राहिले. मग वॉशिंग्टनला राजदूत म्हणून गेले.

फेब्रुवारी १९७१ मध्ये ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. पुढच्याच वर्षी ७२ चा दुष्काळ पडला. रोजगार हमीची खडी फोडणं, सुकडी आणि लाल मिलो आपल्या जिल्ह्यात कोण विसरेल? १९७५ मध्ये पैठणचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. म्हणजे एकेकाळी निजामाच्या राज्यात राहिलेले दोघे आता मुंबईत राज्यपाल आणि मुख्यमंत्री होते. मरणोत्तर, १९७७ मध्ये अली यावर जंग यांना पद्मविभूषण जाहीर झालं.

मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून त्यांच्या नावाने चालते. ज्यांच्या घरात ऐकू न येणारं लेकरू आहे, त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं, तिथे तपासणी आणि प्रशिक्षण होतं. बाकीच्यांनी मुलांना ४७ ची ती पहाट जरूर सांगावी. आपल्यातलाच कुणी शांतपणे बोलणी करत असेल, तर त्याला लगेच गद्दार म्हणू नये. त्याच्या हातातला कागद आधी वाचून तरी बघावा.