छऱ्याच्या बंदुकीपासून दुर्बिणीपर्यंत

पक्षी हा शेतकऱ्याचा शत्रू की मित्र, हा वाद शेतीइतकाच जुना आहे. ज्वारीचे कणीस दाण्याने भरू लागले की माळ्यावर गोफण घेऊन राखणदार उभा राहतो, शेतात बुजगावणी दिसू लागतात, पत्र्याचे डबे वाजू लागतात. दाणा टिपणारे पाखरू हे पिकाचे वैरी, हा समज पिढ्यान् पिढ्या चालत आला. या समजाला शास्त्रीय निरीक्षणाची कसोटी लावणारे भारतातील अग्रगण्य पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या कारकिर्दीची सुरुवात मात्र चिमण्यांच्या शिकारीतून झाली होती.

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. वयाच्या पहिल्या वर्षी वडिलांचे आणि तिसऱ्या वर्षी आईचे छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी गिरगावातील खेतवाडीच्या घरी या भावंडांचा सांभाळ केला. मामा शिकारीचे शौकीन होते. त्यांनी भाच्याच्या हाती छऱ्यांची बंदूक दिली आणि घराच्या परिसरातील चिमण्या हे त्याचे लक्ष्य ठरले. टिपलेली चिमणी धर्माच्या रिवाजानुसार हलाल करून खाल्लीही जाई.

सुटीचे दिवस चेंबूरला जात. आज उपनगरी गाड्यांच्या आणि बहुमजली इमारतींच्या गर्दीत हरवलेले चेंबूर त्या काळी शेते आणि झाडीने वेढलेले, साष्टी बेटावरील एक गाव होते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या परिसरातही तेव्हा भातखाचरे होती. अशा मोकळ्या परिसरात मुलाची नजर तयार झाली.

आठ नर, एक मादी

१९०६-०७ च्या सुमाराची एक नोंद त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा दाखवते. तबेल्यातील भिंतीच्या भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसलेली, नर बाहेर पहाऱ्यावर. मुलाने आडोशाला बसून नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळवला. तोही टिपला गेला. सात दिवसांत असे आठ नर त्याच जागी बळी पडले. मुलाने हे सारे लिहून ठेवले. नोंद होती शिकाऱ्याच्या फुशारकीची. पण जोडीदार गमावलेली मादी किती चटकन दुसरा नर मिळवते, याचे ते अचूक निरीक्षणही होते. सुमारे साठ वर्षांनी ती नोंद पक्षिनिरीक्षकांच्या वार्तापत्रात प्रसिद्ध झाली.

१९०८ मध्ये एक चिमणी टिपल्यावर तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीची चिमणी ही नव्हे. मग ती खावी की नाही, असा प्रश्न पडला. मामांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठविले. सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी तो पक्षी पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले, भुसा भरलेल्या पक्ष्यांचे कपाट उघडून दाखविले, वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्याची कातडी जतन करण्याचे तंत्र शिकविण्याची व्यवस्था केली. शिकारी मुलाचा अभ्यासक होण्याचा प्रवास येथून सुरू झाला.

हा प्रवास सरळ नव्हता. सततच्या डोकेदुखीमुळे शिक्षणात खंड पडला. १९१३ मध्ये मॅट्रिक झाल्यावर महाविद्यालय अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात तव्हॉय येथे कुटुंबाच्या खाण व लाकूड व्यवसायात गेले. तेथेही जंगलातील पक्ष्यांकडेच अधिक लक्ष राहिले. परत आल्यावर १९१८ मध्ये तहमिना यांच्याशी विवाह झाला. विद्यापीठाची पदवी नसल्याने भारतीय प्राणिविज्ञान सर्वेक्षणाची नोकरी मिळाली नाही. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता म्हणून काम मिळाले. १९२८ मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परतले तेव्हा पैशाअभावी त्यांचे पदच रद्द झाले होते.

किहीमची सुगरण

बेकारीचे ते दिवस भारतीय पक्षिशास्त्राच्या पथ्यावर पडले. मुंबईचा खर्च परवडेना म्हणून हे दांपत्य अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सुगरण हा शेतकऱ्याच्या यादीतला धान्यचोर. सलीम अलींनी बंदूक न उचलता पावसाळ्याचे महिने ती वसाहत न्याहाळली. घरटे मादी नव्हे, नर विणतो. अर्धवट विणलेली घरटी माद्या पाहून जातात. एखादीने पसंत केले की नर ते पूर्ण करतो आणि दुसरे विणायला घेतो. ज्या पक्ष्याला आपल्या भाषेने गृहिणीचे नाव दिले, त्याच्या घराचा कारागीर नर निघाला! १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने त्यांचे नाव जगभर पोहोचले.

पुढे हैदराबाद संस्थानापासून अनेक प्रदेशांची पक्षिगणना त्यांनी केली. १९३९ मध्ये शस्त्रक्रियेनंतर तहमिना यांचे निधन झाले. मोहिमांमध्ये साथ देणारी सहचारिणी गेल्याचा हा आघात मोठा होता. त्यानंतर ते बहीण व मेव्हण्यांसह वांद्र्याच्या पाली हिलवर राहिले आणि मुंबईचे हे उपनगर अखेरपर्यंत त्यांचे घर झाले. १९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आले. पक्ष्यांच्या उपयुक्ततेवर त्यात स्वतंत्र विवेचन आहे. घुबडे आणि शिकारी पक्षी शेतातले उंदीर मारतात; दाणे खाणारे अनेक पक्षी पिलांना मात्र किडे भरवतात; फुलांतला मध पिणारे परागीभवन करतात. शाळू फस्त करणाऱ्या भोरड्याच वसंतात पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर उतरतात आणि मायदेशी, मध्य आशियात, टोळांचा फडशा पाडतात. पक्ष्याला ‘उपद्रवी’ म्हणण्याआधी त्याचा वर्षभराचा आहार पाहा, हा या विवेचनाचा गाभा.

हा हिशेब चुकला तर काय होते, हे चीनने दाखवून दिले. १९५८ मध्ये तेथे चार उपद्रवी जीवांविरुद्ध मोहीम निघाली. उंदीर, माश्या, डास यांच्या जोडीला चिमणी होती. लोकांनी डबे-थाळ्या बडवून चिमण्यांना उतरूच दिले नाही. त्या दमून मेल्या. किडींना आवर घालणारा पक्षी गेल्याने पिकांवरील कीड वाढली आणि तेव्हाच्या भीषण दुष्काळाच्या कारणांत तिची भर पडली. अखेर १९६० मध्ये चिमणीला यादीतून वगळून तिच्या जागी ढेकूण घालण्यात आला.

सलीम अली भाबडे पक्षिप्रेमी नव्हते. संशोधनासाठी नमुने टिपणे त्यांना आवश्यक वाटे आणि शिकारीची आवडही त्यांनी लपवली नाही. डिलन रिप्ले यांच्यासोबतचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १९७६ च्या पॉल गेटी पुरस्काराचे पैसे त्यांनी निसर्गसंवर्धनासाठी सोसायटीला दिले. भरतपूर आणि सायलेंट व्हॅली वाचविण्यात त्यांचा वाटा मोठा. १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली आणि त्याच वर्षी चिमणीचेच नाव शीर्षकात असलेले आत्मचरित्र आले. २० जून १९८७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात कावळा, उंदीर यांना उपद्रवी ठरविणारी अनुसूची होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती वगळली. मात्र रानडुक्कर आणि नीलगाय यांच्यापासून पीक कसे राखायचे, हा शेतकऱ्याचा प्रश्न आजही खरा आहे आणि त्याचे उत्तर केवळ भावनेने मिळणार नाही. आधी निरीक्षण, नोंद आणि हिशेब, मग निर्णय, हीच सलीम अलींची पद्धत होती. २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळला जातो. खेतवाडीत ज्या पक्ष्याचे आठ नर सात दिवसांत सहज टिपता आले, त्याच्यासाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवण्याची वेळ शहरांवर आली आहे.