पक्ष्यांचा वकील : डॉ. सालिम अली

खानदेशातून येऊन नवागामात स्थिरावलेल्या आपल्या मंडळींना विहिरीवरच्या बाभळीला झुलणारी सुगरणीची घरटी नक्की आठवत असतील. घरटे नर विणतो, मादी ते पारखून पसंत करते आणि मग तोच नर दुसरे विणायला घेतो, हे अलिबागजवळच्या किहीमला बसून ज्यांनी नोंदवले ते डॉ. सालिम अली.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. आईवडील लवकर गेले, मामांनी वाढवले. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती ओळखण्यासाठी मामांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले आणि तिथेच आयुष्याची वाट सापडली. विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी प्राणिशास्त्र खात्यातली जागा हुकली. पुढे जर्मनीला जाऊन शिकले, परतल्यावर पुन्हा बेकारी. पण हातातली वही सुटली नाही. १९४५ मध्ये आपल्या गुजरातेत, कच्छच्या रणात, त्यांनी रोहित पक्ष्यांची प्रचंड वसाहत पाहून नोंदवली.

या नोंदींच्या बळावरच ते सरकारदरबारी बोलत. स्वातंत्र्यानंतर भरतपूरचे तळे आटवून शेती करण्याची मागणी झाली, तेव्हा त्यांनी थेट पंतप्रधान नेहरूंकडे दाद मागितली. तळे वाचले. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून झटणाऱ्यांतही ते होते. १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. १९७६ साली मिळालेल्या गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामाला दिली.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. भरतपूरला गुरे चारणे बंद करावे, असे त्यांचे व सोसायटीचे मत होते. १९८२ मध्ये बंदी आली, गावकरी चिडले, गोळीबारात माणसे गेली. त्यांच्याच देखरेखीखाली सुरू झालेल्या सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात पुढे उलटेच दिसले : म्हशी चरत नसल्याने गवत माजून पाणी झाकले गेले व पक्ष्यांचीच अडचण झाली. हा निष्कर्ष सोसायटीने दडवला नाही, जाहीर केला. तोवर, १९८७ साली, सालिम अली गेले होते.

मी सरकारी नोकर. कागदावर चुकीची नोंद झाली तर तिची किंमत गरीब माणूस मोजतो, हे रोज पाहतो. म्हणून मला वाटते, शास्त्रज्ञाने निसर्गासाठी जरूर बोलावे, पण आधी पाहावे, गावालाही विचारावे आणि चुकले तर तेही मांडावे.

यंदा विसर्जनाला जाताना तापीकाठी क्षणभर थांबू या, मुलांना दोन पक्षी दाखवू या.

गणपती बाप्पा मोरया!