आठ भाकऱ्या, आठ दिरहम: काय होता हजरत अलींचा निवाडा?
प्रेषित मुहम्मद यांचे चुलतभाऊ व जावई हजरत अली इ.स. ६५६ मध्ये चौथे खलिफा झाले. त्यांच्या न्यायाची एक कथा आजही सांगितली जाते. एकाच्या पाच, दुसऱ्याच्या तीन भाकऱ्या. वाटसरूसह तिघांनी सारख्या खाल्ल्या. वाटसरूने आठ दिरहम दिले. तीन भाकऱ्यांवाल्याला तीन दिरहम मिळत होते, पण तो निम्म्यासाठी अडला. तीन घेऊन मिटव, असे अलींनीही सुचवले. तो काटेकोर न्यायावर अडून बसला.

मग हिशेब झाला. आठ भाकऱ्यांचे चोवीस तुकडे, प्रत्येकी आठ. याचे नऊ, त्यातले आठ त्यानेच खाल्ले. वाटसरूला गेला एक, म्हणून दिरहमही एकच!

६६१ मध्ये कुफ्याच्या मशिदीत अलींवर तलवारीचा जीवघेणा वार झाला. हल्लेखोराला छळू नका, एका वाराला एकच वार, असे त्यांनी मुलांना बजावल्याचे सांगतात.