क्लारा झेटकिन आणि परत घेतलेले हक्क

दरवर्षी ८ मार्चला आपल्या वस्त्यांतील महिला मंडळे विहारात कार्यक्रम घेतात, आणि दोनच दिवसांनी, १० मार्चला, सावित्रीमाईंचा स्मृतिदिन येतो. सावित्रीमाईंचे चरित्र आपल्या मुलींना पाठ आहे. पण महिला दिनाची कल्पना ज्यांनी मांडली त्या क्लारा झेटकिन यांच्याबद्दल आपले वक्ते एका वाक्यापलीकडे जात नाहीत. त्या वाक्यात १९१० चे कोपनहेगन असते, १९३२ चे बर्लिन नसते. आपल्या कामाचे आहे ते बर्लिनच.

क्लारा यांचा जन्म ५ जुलै १८५७ रोजी जर्मनीतील सॅक्सनीमध्ये, वायडेराऊ या खेड्यात झाला. वडील गावचे मास्तर. लाइपझिगला त्यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले. तेथेच ओसिप झेटकिन या रशियन क्रांतिकारकाशी त्यांची गाठ पडली. १८७८ साली बिस्मार्कने समाजवाद्यांविरुद्ध कायदा आणला, ओसिपला देश सोडावा लागला आणि पुढे क्लाराही गेल्या. पॅरिसमध्ये दोन मुले, तुटपुंजी कमाई, आणि जानेवारी १८८९ मध्ये ओसिपचा क्षयाने मृत्यू. त्याच वर्षी जुलैत पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत ही विधवा स्त्रियांच्या कामाच्या हक्कावर बोलायला उभी राहिली.

मायदेशी परतल्यावर १८९२ पासून पंचवीस वर्षे त्यांनी स्टुटगार्टहून एक पत्र चालवले. त्याच्या नावाचा अर्थ ‘समता’. (आपल्याकडे १९२८ मध्ये बाबासाहेबांच्या प्रेरणेने निघालेल्या पाक्षिकाचे नावही हेच, हा योगायोग मला फार आवडतो.) तेव्हा प्रशियात स्त्रीला राजकीय संघटनेचे सभासद होण्यास कायद्याने बंदी होती, ती १९०८ साली उठली. तरीही १९१४ पर्यंत या पत्राचा खप सव्वा लाखाच्या घरात गेला. महायुद्धाला विरोध केला म्हणून १९१७ साली त्यांच्याच पक्षाने त्यांना संपादकपदावरून काढले.

१९१८ च्या नोव्हेंबरात राजा पळाला आणि स्त्रियांना मत मिळाले. १९१९ च्या नव्या राज्यघटनेने कलम १०९ मध्ये स्त्री-पुरुषांना समान नागरी हक्क दिले, पण त्यात एक पळवाटेचा शब्द ठेवून. मी वकील आहे, असा शब्द दिसला की मी आधी खालचा कायदा उघडतो. खाली १९०० सालापासूनची नागरी संहिता तशीच होती. तिच्या कलम १३५४ प्रमाणे संसारातील प्रत्येक बाबीत अखेरचा निर्णय नवऱ्याचा. संविधान वर समतेचे आणि घरात कायदा मालकीचा! पश्चिम जर्मनीत हे कलम रद्द व्हायला १९५७ चा कायदा यावा लागला. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद का सोडले, हे ज्याला कळते त्याला ही गोष्ट समजावून सांगायला नको.

१९२० पासून क्लारा संसदेत होत्या. मुसोलिनी सत्तेवर येऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा, जून १९२३ मध्ये, मॉस्कोतील बैठकीत त्यांनी फॅसिझमवर अहवाल मांडला. ही केवळ भाडोत्री गुंडांची टोळी नाही, निराश झालेले छोटे दुकानदार, बेकार, घरी परतलेले सैनिक तिच्यामागे जात आहेत, असे त्यांनी बजावले. त्यांच्या स्वतःच्या पक्षानेही ते नीट ऐकले नाही.

पुढची गोष्ट अशी की हक्क परत घेण्याची सुरुवात हिटलरने केली नाही. मे १९३२ मध्ये, तो सत्तेवर येण्याआधी, विवाहित स्त्रियांना सरकारी नोकरीतून कमी करण्याचा कायदा झाला. कारण दिले बेकारीचे. नवरा कमावतो, मग बायकोला पगार कशाला? हा युक्तिवाद आपल्या ऑफिसांतही ऐकू येतो. ‘आरक्षणामुळे आमच्या नोकऱ्या गेल्या’ म्हणणाऱ्याचाच हा सख्खा भाऊ.

३० ऑगस्ट १९३२ रोजी नवी संसद भरली. सर्वांत वडील सदस्याने पहिली बैठक उघडायची, अशी प्रथा. पंच्याहत्तर वर्षांच्या क्लारा आजारी होत्या, दृष्टी जवळजवळ गेलेली, आधाराशिवाय चालता येत नव्हते. समोर नाझी पक्षाचे २३० सदस्य, त्यात एकही स्त्री नाही. त्या तशाही आल्या, फॅसिझमविरुद्ध एक व्हा असे सांगितले आणि नियमाप्रमाणे निवडून आलेल्या गोअरिंगकडे खुर्ची सोपवली.

पाच महिन्यांनी हिटलर चॅन्सेलर झाला. जून १९३३ मध्ये विवाहकर्ज आले. बाईने नोकरी सोडली तरच हजार मार्कांपर्यंत कर्ज, आणि प्रत्येक मुलामागे चौथा हिस्सा माफ. विद्यापीठांत नव्याने येणाऱ्या मुलींवर दहा टक्क्यांची मर्यादा घातली गेली. १९२२ साली स्त्रियांना न्यायाधीश व वकील होता आले होते, ते दार १९३६ मध्ये बंद झाले. एकीकडे ‘शुद्ध’ रक्ताच्या बाईला मुलांसाठी बक्षीस, दुसरीकडे नको असलेल्यांची सक्तीने नसबंदी, आणि १९३५ मध्ये ज्यू व जर्मन यांच्या विवाहावर बंदी. जात टिकते ती बेटीबंदीवर, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबियात मांडले होते. ज्यांना रक्त शुद्ध ठेवायचे असते त्यांना बाईवर पहारा बसवावाच लागतो.

क्लारांची एक बाजू मला सलते. १९२२ साली मॉस्कोत राजकीय विरोधकांवर जो खटला चालला त्यात त्या आरोप करणाऱ्यांच्या बाजूला उभ्या होत्या. १९३० मध्ये सोव्हिएत पक्षाने आपला महिला विभाग बंद केला, तरी त्या पक्षातच राहिल्या. २० जून १९३३ रोजी मॉस्कोजवळ त्यांचे निधन झाले, अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवल्या गेल्या. त्याच क्रेमलिनमधून १९३६ साली स्टॅलिनने गर्भपाताचा हक्क काढून घेतला आणि घटस्फोट अवघड केला.